भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ यांचा युरोपियन युनियनसारखा महासंघ का होत नाही?

तुम्ही विचारलंय, की दक्षिण आशियातल्या देशांनी युरोपसारखा एक राजकीय महासंघ का करू नये, म्हणजे सीमेवरचा आणि सैन्यावरचा खर्च तरी वाचेल. मला असा महासंघ नको आहे. यात शेजाऱ्यांबद्दलचा राग अजिबात नाही. भोसरीतल्या एका कारखान्याचा माल बांगलादेश आणि श्रीलंकेला पाठवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं, तिकडच्या लोकांशी माझं छान जमलं. माझी शंका मतांच्या हिशेबाबद्दल आहे.

युरोपियन युनियनच्या मंत्रिपरिषदेत बहुतेक निर्णयांना ५५ टक्के देश लागतात आणि त्या देशांत मिळून युनियनची ६५ टक्के लोकसंख्या असावी लागते. जर्मनी सगळ्यांत मोठा, पण त्याची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून कमी. त्यामुळे त्याला दहा जणांशी बोलावंच लागतं. आता हाच नियम सार्क या दक्षिण आशियाई संघटनेतल्या आठ देशांना लावा. इथल्या दर चार माणसांतली जवळपास तीन भारतात राहतात. उरलेले सातही देश एकत्र आले तरी त्यांचे ६५ टक्के भरत नाहीत. भारताला मात्र आणखी चार देश मिळाले की काम झालं. काठमांडूतल्या किंवा कोलंबोतल्या माणसाने यावर सही का करावी? मी त्याच्या जागी असतो तर केली नसती.

बरं, प्रत्येक देशाला एक मत देऊ. मग पाच-सव्वापाच लाखांचा मालदीव आणि १४० कोटींचा भारत सारखेच. आपल्या शेजारचं पिंपरी-चिंचवड लोकसंख्येने मालदीवच्या तिपटीहून मोठं आहे. असा कायदा आपल्या एकाही राज्यात कुणी मान्य करणार नाही, आणि करूही नये.

मधला मार्ग काढता येईल असं वाटत असेल तर पाकिस्तानचाच इतिहास बघा. पूर्व भागाची लोकसंख्या पश्चिमेपेक्षा जास्त होती, तरी १९५६ च्या राज्यघटनेने दोन्ही भागांना समान जागा दिल्या. पुढे १९७० मध्ये लोकसंख्येप्रमाणे निवडणूक झाली, पूर्वेकडच्या अवामी लीग या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं आणि सत्ता काही मिळाली नाही. १९७१ मध्ये काय झालं ते आपण जाणतोच. इजिप्त आणि सीरिया १९५८ मध्ये एक झाले आणि १९६१ मध्ये सीरिया बाहेर पडला. सिंगापूर मलेशियात दोन वर्षंही राहिलं नाही. टांझानिया १९६४ पासून टिकून आहे हे खरं, पण तिथेही झांझिबारने आपला अध्यक्ष आणि आपलं विधिमंडळ वेगळं ठेवलंय.

आणि आपलं स्वतःचं काय? एक राज्यघटना, एक सर्वोच्च न्यायालय असूनही बेळगावचा प्रश्न १९५६ पासून तसाच आहे. या वादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही, २००४ मध्ये आपण सर्वोच्च न्यायालयात गेलो. पुण्यात माल आणताना जकात २०१३ पर्यंत भरावी लागत होती, हे नव्या पिढीला खरंही वाटत नाही. देशभर एक जीएसटी यायला २०१७ उजाडलं. तेही केंद्राने राज्यांना पाच वर्षं नुकसानभरपाईची हमी दिली तेव्हा. ज्यांचा एकमेकांवर मुळात विश्वास आहे त्यांना इतका वेळ लागला.

महासंघाची कल्पना मांडणारे लोक भाबडे होते असं मी म्हणणार नाही. समाजवादी राममनोहर लोहिया आणि जनसंघाचे दीनदयाळ उपाध्याय या दोन टोकांच्या विचारांच्या नेत्यांनी १९६४ मध्ये भारत-पाक महासंघाच्या बाजूने एकत्र निवेदन काढलं होतं. फाळणीची जखम ताजी होती, त्यांची तळमळ मला समजते. पण त्यानंतर एक वर्षात युद्ध झालं.

सैन्यावरच्या खर्चाचं म्हणाल, तर युरोपातही प्रत्येक देशाचं सैन्य वेगळंच आहे. एकत्र सैन्याचा करार १९५४ मध्ये फ्रान्सच्या संसदेनेच फेटाळला होता. युरोपची सुरुवात १९५१ मध्ये कोळसा आणि पोलादापासून झाली, झेंड्यापासून नाही. आपल्याकडे सार्क १९८५ पासून आहे, पण वादाचे द्विपक्षीय विषय तिथे काढायचेच नाहीत असं सनदेतच लिहिलंय. शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली.

मला तळमळ आहे ती लहान कामांची. पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलच्या सीमेवर आपल्या ट्रकमधला माल पलीकडे उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरावा लागतो, त्यात कित्येक दिवस जातात. इथून घाईने पाठवलेला माल तिथे पडून राहिला की जीव तुटायचा. हे थांबवायला महासंघ लागत नाही. २०२४ मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांनी करार केला आणि नेपाळची ४० मेगावॉट जलविद्युत आपल्या तारांमधून बांगलादेशला जाऊ लागली. वीज थोडीच आहे, पण तिघांच्याही हिताची आहे आणि कुणालाही आपली संसद दुसऱ्याकडे गहाण टाकावी लागली नाही.

२०१५ मध्ये थिंफूला भूतान, बांगलादेश, भारत आणि नेपाळ यांचा वाहनांच्या ये-जा करण्याचा करार झाला. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने पुढच्या वर्षी तो नाकारला, कारण इतक्या बाहेरच्या गाड्या आपल्या छोट्या देशाला झेपणार नाहीत अशी तिथे भीती होती. भूतान बाजूला राहिला आणि उरलेल्या तिघांनी बोलणी चालू ठेवली. महासंघ असता, तर एक तर भूतानचं म्हणणं मतांनी दाबलं गेलं असतं, नाही तर त्याच्यासाठी चौघांचंही काम अडलं असतं.