‘मधुमेहाचं जनुक सापडलं’ म्हणजे नेमकं काय सापडतं?

तुम्ही विचारलंय की आजाराशी जोडलेला जनुकीय फरक लाखो जागांमधून संख्याशास्त्राने हुडकतात तरी कसा, आणि दर वर्षी नवी जनुकं सापडत असतील तर जुनी खोटी होती का.

शेवटचं आधी सांगतो. बहुतेक जुनी खोटी नव्हती, नवी तेव्हा दिसत नव्हती. का दिसत नव्हती ते हिशोब करून बघण्यासारखं आहे. मी अशाच डेटावर काम करतो, त्यामुळे थोडं लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

माणसामाणसांच्या डीएनएमध्ये लाखो ठिकाणी एका अक्षराचा फरक असतो. कुणाकडे त्या जागी ए, कुणाकडे जी. अशा जागेला एसएनपी म्हणतात, बोलताना ‘स्निप’. समजा २,००० रुग्ण घेतले आणि तुलनेला ३,००० इतर माणसं. (एवढीच संख्या २००७ सालच्या गाजलेल्या ब्रिटिश अभ्यासात होती: सात आजार, प्रत्येकी सुमारे २,००० रुग्ण आणि सगळ्यांना मिळून ३,००० जणांचा एकच कंट्रोल गट, म्हणजे तुलनेचा गट. पुढचे टक्के मात्र माझे, उदाहरणापुरते.) प्रत्येकाकडे आईकडची एक आणि वडिलांकडची एक अशा दोन प्रती, म्हणजे रुग्णांची ४,००० अक्षरं, कंट्रोलची ६,०००. रुग्णांत ए निघाला १,२०० वेळा, ३० टक्के. कंट्रोलमध्ये १,६२० वेळा, २७ टक्के. काय-स्क्वेअर चाचणी (दोन गटांतला फरक योगायोगाचा असेल का हे मोजणारी) लावली की पी-व्हॅल्यू येते साधारण ०.००१. आजाराशी काहीच संबंध नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एक.

एरवी यावर कुणीही खूश होईल. इथे पंचाईत अशी की हीच चाचणी दहा लाख जागांवर लावायची असते. कुठेच काही नसलं तरी हजारेक जागा असाच निकाल घेऊन समोर उभ्या राहणार. म्हणून नेहमीची ०.०५ ची मर्यादा दहा लाखांनी भागतात आणि ०.०००००००५ च्या खाली उतरेल तेच मोजतात. दोन कोटींत एक. दहा लाख हा आकडा उगाच नाही. जवळजवळचे स्निप पिढ्यान्‌पिढ्या एकत्रच पुढे जातात, त्यामुळे तपासलेल्या जागा कितीही असल्या तरी युरोपीय वंशाच्या लोकांत खऱ्या अर्थाने स्वतंत्र चाचण्या तेवढ्याच भरतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत त्या जास्त होतात.

आता तेच ३० आणि २७ टक्के राहू द्या, फक्त माणसं पाचपट करा. पी-व्हॅल्यू थेट तीन लाख कोटींत एकच्या आसपास जाते. फरक तोच, जागा तीच. पहिल्या खेपेला ती गर्दीत हरवली होती, आता मर्यादा सहज ओलांडते. नवी जनुकं ‘सापडतात’ ती बहुतांशी अशी. आणि म्हणूनच ती दिवसेंदिवस बारीक परिणामाची निघतात, कारण ठसठशीत होती ती आधीच हाती लागलीत. २००५ साली म्हातारपणी दृष्टिपटलाला होणाऱ्या एका आजारात सीएफएच जनुकातला फरक सापडला तो अवघ्या ९६ रुग्णांत आणि ५० कंट्रोलमध्ये, कारण दोन्ही प्रती जोखमीच्या असतील तर तिथे धोका सुमारे सातपट होत होता. तसं नशीब पुन्हा फारसं कुणाला लाभलं नाही.

त्याआधीची पद्धत घराण्यांची होती. पिढ्या मांडायच्या आणि आजाराबरोबर गुणसूत्राचा कुठला तुकडा खाली येतोय ते बघायचं. हंटिंग्टन आजाराची जागा १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर अशीच कळली, पण नेमकं जनुक हाती यायला १९९३ उजाडलं. एकाच जनुकाने होणाऱ्या आजारांना ती पद्धत अजून उत्तम. मधुमेहासारख्या शेकडो जागांनी मिळून घडणाऱ्या आजारात तिची ताकद कमी पडते.

इथवरचं गणित कॉम्प्युटर काही मिनिटांत करतो. पगार मिळतो तो मिळालेल्या निकालावर संशय घेण्याचा.

पहिला संशय वंशाचा. चॉपस्टिक्सने जेवणारे आणि न जेवणारे असे दोन गट करून डीएनए तपासलात तर ‘चॉपस्टिक्सची जनुकं’ ढिगाने सापडतील. ती जेवणाची नसतात, पूर्व आशियातल्या वंशाची असतात. रुग्ण आणि कंट्रोल यांच्या वंशाची सरमिसळ थोडी जरी वेगळी असली तरी हेच होतं. उपाय म्हणून सगळ्या जीनोममधून, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएमधून, प्रिन्सिपल कंपोनंट काढतात, म्हणजे कोण कोणाच्या जवळचं आहे याचे अक्ष, आणि ते हिशोबात धरून मगच प्रत्येक स्निप तपासतात.

दुसरा संशय प्रयोगशाळेचा, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. सुरुवातीच्या काळात एका डेटात मला मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेला ठिपका मिळाला. मॅनहॅटन प्लॉट म्हणतात त्या आलेखात प्रत्येक स्निप एक ठिपका असतो, पी-व्हॅल्यू जितकी लहान तितका तो उंच, आणि खरा निकाल मनोऱ्यासारखा दिसतो: शेजारचे स्निप सोबत प्रवास करतात, त्यामुळे मुख्य ठिपक्याखाली त्यांचीही रांग चढत जाते. माझा ठिपका एकटाच आभाळात लटकला होता. तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी तो दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो. मग एका अनुभवी बाई म्हणाल्या, “क्लस्टर प्लॉट उघडलास का?” उघडला. यंत्राने मोजलेल्या चमकेनुसार माणसांचे तीन पुंजके दिसायला हवेत: एए, एजी, जीजी. रुग्णांच्या बॅचमध्ये मधला पुंजका शेजारच्यात सांडला होता आणि सॉफ्टवेअरने बरेचसे एजी बिनदिक्कत एए म्हणून नोंदवले होते. रुग्णांचे नमुने एका बॅचमध्ये चालवले होते, कंट्रोलचे दुसऱ्या. आजाराचा काही संबंधच नव्हता.

असं मोठ्यांचंही होतं. शतायुषी माणसांच्या जनुकांवरचा २०१० चा एक गाजलेला निबंध पुढच्याच वर्षी मागे घ्यावा लागला, कारण स्निप वाचायला वापरलेल्या चिपांपैकी एकीत तांत्रिक गडबड होती. त्यामुळे आता निकाल वेगळ्या माणसांच्या वेगळ्या गटात पुन्हा दिसल्याशिवाय सहसा कुणी गांभीर्याने घेत नाही. पुन्हा बघताना परिणाम बहुधा आधीपेक्षा थोडा लहान भरतो, तेही अपेक्षितच: पहिल्या खेपेला मर्यादा ओलांडायला योगायोगाचाही हात लागलेला असतो.

आणि एवढं सगळं पार पडलं तरी हातात येतो तो पत्ता, तोही गल्लीपर्यंतचा. एकत्र प्रवास करणाऱ्या पन्नास स्निपांपैकी करणी कोणाची हे काय-स्क्वेअर सांगू शकत नाही. बहुतेक वेळा ती जागा प्रथिन कसं बनवायचं ते सांगणाऱ्या भागात नसतेच, दोन जनुकांच्या मध्ये किंवा जनुकातल्या न वापरल्या जाणाऱ्या भागात असते. मग रिवाज म्हणून जवळच्या जनुकाचं नाव देऊन टाकतात. बातमीत तेच नाव छापून येतं. २००७ मध्ये लठ्ठपणाशी जोडलेली जागा एफटीओ जनुकाच्या आत सापडली आणि एफटीओला ‘लठ्ठपणाचं जनुक’ म्हणायला सुरुवात झाली. २०१५ मध्ये चरबीच्या पूर्वपेशींवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की तिथला एका अक्षराचा फरक बराच दूर असलेल्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांचं काम वाढवतो, आणि त्या पेशी ऊर्जा जाळण्याऐवजी साठवायला लागतात. नाव मात्र अजून एफटीओचंच चालतं.