पेन्सिलीने लिहिलेले ‘नाही’

खासगी वैमानिक होण्याची इच्छा असलेली माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांची चिंता बहुधा एकच असते: पूर्वी होऊन गेलेला आजार वैद्यकीय अर्जात लिहिला, तर परवाना कायमचा हातचा जाईल का? काही वर्षांपूर्वी आलेल्या ३४ वर्षांच्या एका गृहस्थांनी हा प्रश्न तोंडाने विचारलाच नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांनी भरलेला अर्ज माझ्यासमोर ठेवला. सगळी उत्तरे निळ्या शाईत होती; फक्त दोन प्रश्नांपुढे पेन्सिलीने फिकट ‘नाही’ लिहिले होते, आणि त्यांतले एक इतक्यांदा खोडले होते की तिथला कागद खरबरीत झाला होता. आयुष्यात कधीही आकडी आली होती का, हा एक प्रश्न. मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले होते का, हा दुसरा.

दोन्हींचे खरे उत्तर ‘हो’ होते. दोन वर्षांचे असताना भर तापात त्यांना एकदा आकडी आली होती, आणि २७ व्या वर्षी, वडील गेल्यानंतर, नैराश्यासाठी त्यांनी नऊ महिने गोळ्या घेतल्या होत्या.

या दोहोंपैकी कशाची भीती अधिक वाटते, असे मी विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “आकडीचे काही नाही. पण त्या दिवसांत मला सकाळी अंथरुणातून उठवत नसे. हे कुणीतरी परके माणूस वाचणार.” नापास होण्याच्या भीतीआड लाज दडलेली असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ती ओळखल्याशिवाय नियम समजावून सांगण्यात अर्थ नसतो, म्हणून त्या दिवशी आम्ही अर्ज बाजूला ठेवून त्या नऊ महिन्यांविषयीच बोललो.

नियमांकडे आम्ही पुढच्या भेटीत वळलो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ प्रमाणे, म्हणजे परवान्यांविषयीच्या तिच्या नियमावलीप्रमाणे, खासगी वैमानिकाला दुसऱ्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्या चौकटीत प्रत्येक देशाचे प्राधिकरण आपापले नियम ठरवते. खासगी वैमानिक पुष्कळदा विमानात एकटाच असतो, त्यामुळे उड्डाण चालू असताना हा माणूस अचानक असमर्थ होण्याची शक्यता किती, हा वैद्यकीय परीक्षकापुढचा मुख्य प्रश्न असतो. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापामुळे येणारी साधी आकडी आणि अपस्मार या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे परीक्षकालाही ठाऊक असते. नैराश्याच्या बाबतीत ते किती तीव्र होते, पुन्हा उद्भवले का, आत्महत्येचे विचार आले होते का, औषधे कधी थांबली आणि त्यानंतर प्रकृती कशी राहिली, हे पाहिले जाते. याची उत्तरे कागदपत्रांतून मिळाली, तर जुना आजार नोंदवूनही प्रमाणपत्र मिळू शकते.

“पण कुणाला कळणारच नसेल तर?” असे त्यांनी विचारलेच. वैद्यकीय अर्जातील खोटे निवेदन उघड झाल्यास परवाना जाऊ शकतो, अनेक देशांत तो गुन्हाही ठरतो, हे मी सांगितले. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. परिशिष्टानुसार हे प्रमाणपत्र चाळिशीच्या आत जास्तीत जास्त ६० महिने, चाळिशीनंतर २४ महिने चालते, आणि पन्नाशीनंतर ते १२ महिन्यांवर आणावे अशी शिफारस आहे. म्हणजे आज लिहिलेले ‘नाही’ त्यांना दर नूतनीकरणाला पुन्हा लिहावे लागले असते. शिवाय पुढे कधी झोप उडाली, मन खचले, तर डॉक्टरकडे जाण्याआधी त्यांनी परवान्याचा विचार केला असता. लपवलेल्या आजाराचा हा परिणाम मला सर्वांत घातक वाटतो.

सगळ्यांनाच प्रमाणपत्र मिळते असे मात्र मी कुणालाही सांगत नाही. दोनदा शुद्ध हरपलेल्या आणि तपासण्यांनंतरही कारण न सापडलेल्या एका बाईंना ते नाकारले गेले, आणि त्यांचे दुःख हलके करणारे शब्द माझ्याकडे नव्हते. म्हणूनच प्रशिक्षणाचे शुल्क भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि औपचारिक अर्जापूर्वी या क्षेत्रातल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असा माझा आग्रह असतो.

या गृहस्थांनी तसेच केले. आकडीचे डिस्चार्ज कार्ड केव्हाच हरवले होते. जुन्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांच्या नोंदवहीतून दाखला लिहून दिला. मानसोपचारतज्ज्ञांनी उपचारांच्या आणि औषध थांबवल्याच्या तारखांसह अहवाल दिला. प्राधिकरणाने एकदा आणखी माहिती मागवली आणि प्रमाणपत्र चार महिन्यांनी आले. अर्ज पाठवण्याआधी त्यांनी मला नवी प्रत दाखवली होती. दोन्ही प्रश्नांपुढे निळ्या शाईत ‘हो’ होते, आणि दुसऱ्याखाली गोळीचे नाव, मात्रा व शेवटच्या गोळीची तारीख बारीक, सरळ अक्षरांत लिहिलेली होती.