गाणं की संगीतरचना? आधी घसा दाखवून या

पत्र थोडक्यात असं: 'मुलगी 17 वर्षांची आहे. पाच वर्षं पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकते. तिला युरोपात जाऊन ऑपेरात गायचंय आणि स्वतः संगीतरचनाही करायची आहे. रोज पहाटे तीन तास मी समोर बसून रियाज करून घेतो. महिनाभर आवाज बसलेला आहे. दोन्हींच्या मागे लागून एकही धड होणार नाही, अशी भीती वाटते. एक काहीतरी निवड, असं तिला सांगू का?'

नमस्कार,

नका सांगू. का, ते एका माणसाच्या गोष्टीतून सांगतो.

मानुएल गार्सिया 1775 साली स्पेनमधल्या सेव्हिलमध्ये जन्मला. तो टेनर, म्हणजे वरच्या पट्टीतला गायक होता. माद्रिदमध्ये नाव झालं होतं, स्वतः रचलेले ऑपेरे रंगमंचावर आले होते. तरी 1807 मध्ये त्यानं देश सोडून पॅरिस गाठलं. तिथं जम बसला, तर इटलीत गेला आणि पस्तिशी उलटल्यावर नेपल्समध्ये जोवान्नी आन्सानी या जुन्या टेनरकडे शिष्य म्हणून बसला. मुलीला परदेशी पाठवताना हे लक्षात असू द्या. कुठल्या शहरात जायचं यापेक्षा कोणाकडे शिकायचं, हे आधी ठरवायचं असतं.

1816 मध्ये रोममध्ये 'द बार्बर ऑफ सेव्हिल' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, तेव्हा त्यातली काउंट अल्माविव्हाची भूमिका गार्सियानं गायली. त्याला मिळाले 1,200 स्कुडी (तिथलं तेव्हाचं नाणं), ऑपेरा रचणाऱ्या रोसिनीला 400! आजचे हिशेब वेगळे आहेत, पण नुसत्या रचनांवर नव्या संगीतकाराचं घर आजही क्वचितच चालतं. तुमची भीती तेवढ्यापुरती खरी आहे.

पण पुढचं पाहा. 29 नोव्हेंबर 1825 ला न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरात हाच ऑपेरा इटालियनमध्ये झाला. मंडळी जवळजवळ घरचीच: अल्माविव्हा बाप, फिगारो मुलगा, बर्था बायको आणि रोझिना मुलगी मारिया. तीही 17 वर्षांचीच होती. मग हा माणूस मेक्सिकोला गेला. परतताना वाटेत दरोडेखोरांनी कमाई लुटली. पॅरिसला आला तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे, आवाज उतरलेला. तेव्हा कामाला आली ती शिकवणी, आणि शिकवणीला जोड मिळाली रचनेची. शिष्यांच्या गळ्याला झेपतील असे दिवाणखान्यात करता येणारे छोटे ऑपेरे तो स्वतःच लिहायचा. 1832 मध्ये तो गेला. एकच हुन्नर हाती असता तर शेवटची वर्षं कशी गेली असती, ते तुम्हीच बघा.

म्हणून दोन्ही राहू द्या, फक्त प्रवेश एकाच विषयात घ्यावा. गायनाला ऑडिशन असते, रचनेला स्वतःच्या स्वरलिपी पाठवाव्या लागतात; दोन्ही तयाऱ्या एका वर्षात झेपत नाहीत. माझं मत गायनाच्या बाजूनं आहे. हार्मनी (सुरांची एकत्र जुळणी) आणि काउंटरपॉइंट (एकाच वेळी चालणाऱ्या चालींची गुंफण) तिथंही शिकवतात. आत्ता वेळ द्यायचा तो पियानोला आणि भाषांना. जर्मनीकडे डोळा असेल तर जर्मन आजच सुरू करा. तिथल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शुल्क नसतं किंवा कमी असतं, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गसारख्या राज्यानं 2017 मध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो लावले. तेव्हा प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा तपासा. पदवीनंतर काम शोधायला तिथं 18 महिने राहता येतं. ऑपेरागृहांच्या ऑडिशन देत फिरायला तो वेळ फार होत नाही.

आता तुमच्याबद्दल, जरा स्पष्ट बोलतो. गार्सिया मुलांना शिकवताना फार कडक होता. मारिया युरोपभर गाजली हे खरं, पण फिगारो गाणाऱ्या मुलाचं रंगमंचावरचं गाणं तरुणपणीच सुटलं. त्याचंही नाव मानुएलच. पुढे तो मोठा शिक्षक झाला. 1841 मध्ये स्वीडनची गायिका येनी लिंड वयाच्या विशीत थकलेला गळा घेऊन त्याच्याकडे आली. त्यानं तिला रियाज दिलाच नाही. सहा आठवडे गाणं पूर्ण बंद, बोलणंही जेमतेम. मग पहिल्यापासून शिकवलं. गळ्याच्या आत नेमकं काय हलतं, याचं त्याला इतकं कुतूहल की 1854 मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाश वळवून, त्यानं स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात ती स्वरयंत्राची तपासणी त्याच वाटेनं आलेली आहे.

ती तपासणी या आठवड्यात करून घ्या. महिनाभर बसलेला आवाज काढे आणि गुळण्यांवर सोडायचा नसतो. तोवर पहाटेचे तीन तास बंद. त्या वेळात तिला पियानोवर बसू द्या, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा. डॉक्टरांनी गायला परवानगी दिली की किती वेळ गायचं ते तिचे गुरू ठरवतील. सतराव्या वर्षी आवाज पिकलेला नसतो, मोठ्या भूमिका पुष्कळ उशिरा येतात. घाई कोणालाच नाही.

अहवाल आला की कळवा. आणि पुढचं पत्र तिला लिहायला सांगा.