टरफलातला चीक, गोळीचा वास आणि तळणाचं डिझेल

अ‍ॅस्पिरिनची जुनी बाटली उघडली तर व्हिनेगरसारखा वास आला. गोळ्या घ्याव्यात का? (फोंडा)

घेऊ नका, टाकून द्या. सॅलिसिलिक आम्लाला अ‍ॅसिटिल गट जोडला की अ‍ॅस्पिरिन तयार होतं. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये ते शुद्ध रूपात बनवलं. पण हा जोड ओलाव्याला भितो. पाणी शिरलं की तो सुटतो आणि अ‍ॅसेटिक आम्ल बाहेर पडतं. व्हिनेगरचा आंबटपणा त्याचाच. आपल्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे न्हाणीघरातल्या फळीवरची गोळी काय टिकणार!

काजूच्या बिया फोडताना टरफलातलं तेल लागून हाताची सालं निघतात. या तेलाचं औषध किंवा इंधन होतं का? (वाळपई)

प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून जरा लांबण लावतो.

काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा जसा उततो, तसाच हा चीक. त्यात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं, आणि त्याच्या रेणूचं चित्र काढलं तर वरच्या उत्तरातलं सॅलिसिलिक आम्लच दिसतं, फक्त पंधरा कार्बनची लांब शेपटी लावलेलं. भट्टीत तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डेनॉल उरतं. कारखान्यात नेमकं उलट करतात: फिनॉलच्या सोडियम क्षाराला दाबाखाली कार्बन डायऑक्साइड चिकटवतात आणि अ‍ॅस्पिरिनसाठी लागणारं सॅलिसिलिक आम्ल मिळवतात. ही कोल्बे-श्मिट प्रक्रिया. वाळपईची भट्टी जे सोडवते, ते दुसरीकडे मुद्दाम बांधलं जातं.

कार्डेनॉल फॉर्मल्डिहाइडबरोबर शिजवलं की राळ होते. ती गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जाते. त्यातच अमाइन (नायट्रोजन असलेलं सेंद्रिय रसायन) घातलं तर ओलसर पत्र्यावरही सुकणारा जहाजाचा रंग बनवायला उपयोगी पडणारं द्रव्य मिळतं. अ‍ॅनाकार्डिक आम्ल काही जिवाणूंना मारतं हे प्रयोगशाळेत दिसलं आहे, पण म्हणून घरगुती औषध म्हणून लावायला जाऊ नका. इंधन म्हणाल तर तेल काढलेली टरफलं बॉयलरमध्ये जळतातच. तेलही जाळणं मला मात्र उधळपट्टी वाटते. बोंडूची (काजूफळाची) फेणी पोटात जावी, टरफलाचं तेल ब्रेकमध्ये. हातांना आधी खोबरेल तेल चोळा, हातमोजे घातले तर उत्तमच.

शॅकमधलं (किनाऱ्यावरच्या खानावळीतलं) तळणाचं वापरलेलं तेल घरीच डिझेल करता येईल? (म्हापसा)

प्रक्रिया सोपी आहे, घर ही तिची जागा नाही. तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला तीन मेदाम्लं लटकलेली असतात. कॉस्टिक सोड्याच्या साथीने मिथेनॉल त्यांना सोडवून आपल्याला जोडून घेतं. ढोबळमानाने १०० किलो तेलाला १०-११ किलो मिथेनॉल लागतं, आणि जवळपास १०० किलो बायोडिझेल व १० किलो ग्लिसरीन मिळतं. पण मासे तळून काळं पडलेल्या तेलात सुटी मेदाम्लं भरपूर असतात. कॉस्टिक त्यांचा साबण करतं आणि सगळ्याचा लगदा होतो. म्हणून अशा तेलावर आधी आम्लाची प्रक्रिया करावी लागते, नंतर धुणं, सुकवणं. जोडण्यापेक्षा नितळ करण्यातच खरे कष्ट. शिवाय मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, पटकन पेटतं आणि पोटात गेलं तर दृष्टी घालवतं. तेलातले ध्रुवीय घटक (तेल तापून बिघडलं की वाढणारी द्रव्यं) २५ टक्क्यांवर गेले की ते तळायला वापरायचं नाही, असा नियम आहे. तेव्हा ते जमा करणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या.

रक्तदाबाची गोळी परत मागवल्याची बातमी वाचली होती. चूक कुठे होते? (मडगाव)

२०१८ मध्ये वलसार्टनच्या बाबतीत असं घडलं. या गटातल्या गोळ्यांत दोन बेंझिन कडी जोडायला बहुधा सुझुकींची प्रक्रिया वापरतात (गाडीवाले नव्हेत, २०१० चे नोबेल मानकरी अकिरा सुझुकी). तिथे काही बिघडलं नव्हतं. पुढच्या पायरीत वापरून उरलेलं अझाइड (नायट्रोजनचं एक विषारी रसायन) नष्ट करायला सोडियम नायट्राइट घातलं. द्रावकातून सुटलेल्या डायमिथाइल अमाइनशी त्याची गाठ पडली आणि एनडीएमए नावाचं, कर्करोगाचा धोका वाढवणारं द्रव्य सूक्ष्म प्रमाणात बनलं. साफसफाई करताना झालेली घाण. तुमची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

विजेच्या स्कूटरमध्ये सेंद्रिय रसायन कुठे आलं? (पेडणे)

बॅटरीत. इथिलीन ऑक्साइडला कार्बन डायऑक्साइड जोडून इथिलीन कार्बोनेट करतात. बॅटरीत विद्युतभाराची ने-आण करणारा लिथियमचा क्षार त्यात विरघळतो. हे द्रव्य ३६ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून त्यात डायमिथाइल कार्बोनेटसारखा पातळ भाऊबंद मिसळतात. नाहीतर डिसेंबरच्या पहाटे थिजलेल्या खोबरेल तेलावर स्कूटर चालवायची वेळ आली असती.