आईचा विश्वास कमी पडला का?

ताई, प्रभूच्या नावात सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईला आठवड्यातून दोनदा शहाद्याहून नंदुरबारला डायलिसिसला नेता. गेल्या प्रार्थना सभेत बाहेरून आलेल्या उपदेशकाने सगळ्यांसमोर सांगितलं की विश्वास कमी पडतोय, म्हणून गुण येत नाही. मग तुम्ही इब्री ११:१ (बायबलातलं इब्री लोकांस पत्र, अध्याय ११, वचन १) देऊन विचारलंत की न दिसणाऱ्या गोष्टींची खातरी म्हणजेच विश्वास असेल, तर ही खातरी वाढवायची कशी? आणि भगताकडे जाणाऱ्या काकूंच्या श्रद्धेत आणि यात फरक तो काय?

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. ताप्ती लाइनवर, म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर, स्टेशन मास्तर होतो, आता निवृत्त. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं वडील (जबाबदारी सांभाळणारा ज्येष्ठ) म्हणून आहे. ग्रीक, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, नव्या कराराची, मूळ भाषा, साठीनंतर शिकलो, तेही शब्दकोश उशाशी घेऊन. तेव्हा कुठे चुकलो तर जाणकारांनी खुशाल कान धरावा.

‘वाढवायची कशी’ हा प्रश्न तुमच्या आधी येशूच्या शिष्यांनीच विचारलाय. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, सतराव्या अध्यायात ते प्रभूला म्हणतात, आमचा विश्वास वाढव. उत्तरात त्यांना उपासाचा, रात्रभराच्या जागरणाचा काही कार्यक्रम मिळत नाही. मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी पुरे, एवढंच तो सांगतो. मोहरी आपल्या फोडणीतली, चिमटीत शंभर दाणे मावतात. शिष्य मोजमाप मागत होते आणि त्याने सगळ्यात लहान माप पुढे करून तो विषयच मिटवला. तुमच्या उपदेशकाने नेमका तोच तराजू पुन्हा बाहेर काढलाय.

आता शब्दाकडे वळतो. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा घोळ इथेच आहे.

ज्याचं आपण ‘विश्वास’ करतो तो ग्रीक शब्द ‘पिस्तिस’. नव्या करारात हे नाम आणि त्याचं क्रियापद प्रत्येकी सुमारे २४० वेळा येतं. पण अर्थ प्रत्येक ठिकाणी एकच नाही. पौल या प्रेषिताच्या गलतीकरांस पत्रात, ५:२२ मध्ये, आत्म्याच्या फळांत हाच शब्द आहे, तिथे आपल्या बायबलात ‘विश्वासूपणा’ छापलंय. त्याच्याच रोमकरांस पत्रात, ३:३ मध्ये, हाच शब्द देवाबद्दल येतो. देव कोणावर विश्वास ठेवणार? तिथे अर्थ आहे देवाचा विश्वासूपणा, दिलेला शब्द पाळणं. प्रेषितांची कृत्ये १७:३१ मध्ये पौल अथेन्सच्या लोकांना सांगतो की येशूला मेलेल्यांतून उठवून देवाने सर्वांना ‘पिस्तिस’ दिली, म्हणजे पुरावा दिला. बाजारात जिला ‘पत’ म्हणतात ती छटाही या शब्दात आहे. आडत्याची पत आहे म्हणून शेतकरी कापूस घालून येतो आणि पैशासाठी पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो. यात विश्वास नेमका कुठे आहे, शेतकऱ्याच्या मनात की आडत्याच्या पतीत? ग्रीक माणूस दोन्हींना एकच शब्द वापरेल.

माझी आजी अहिराणीत म्हणायची, ‘मना तुनावर भरोसा शे.’ त्या वाक्यात ‘तुनावर’ नसेल तर उरलेल्याला काही अर्थ राहतो का? शास्त्रातल्या विश्वासाचंही तसंच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तर हे नाम एकदाही येत नाही. तिथे सगळीकडे क्रियापद आहे, कोणीतरी कोणावर तरी विश्वास ‘ठेवतो’. आपण मात्र मंडळीत ‘तो विश्वासात आहे’, ‘तिचा विश्वास दांडगा’ असं बोलून बोलून ती एखादी वस्तू करून टाकली. डब्यात ठेवायची, कमी झाली की कोणी रागवायचं.

जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या हिब्रू भागाचा, शब्द ‘एमूना’. आपलं ‘आमेन’ त्याच धातूतलं. मूळ अर्थ घट्ट असणं, टिकून असणं, न हलणं. बायबलात हा शब्द अगदी सुरुवातीला कुठे भेटतो ते ऐकून मी चकित झालो होतो. निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात. खाली यहोशवा अमालेक्यांशी लढतोय आणि मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात दुखतात, खाली येतात. मग अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात आणि दोघे दोन बाजूंनी हात धरतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात ‘एमूना’ राहिले, असं मूळ वाक्य आहे. मोशेला त्या वेळी मनातून काय वाटत होतं, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. हात थकलेलेच होते. ते स्थिर राहिले कारण दुसऱ्यांनी धरले होते. शहादा-नंदुरबार करताना हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा.

हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २:४, ‘नीतिमान विश्वासाने वाचेल’, यातही ‘एमूना’च. पौलाने हे वचन रोमकरांस आणि गलतीकरांस दोन्ही पत्रांत घेतलंय, इब्री १० मध्येही ते आहे. पण हबक्कूक कोणत्या मनःस्थितीत होता ते बघा. पुस्तकाची सुरुवातच तक्रारीने होते, परमेश्वरा, किती काळ ओरडू, तू ऐकत का नाहीस. खास्दी, म्हणजे बाबेलचं, सैन्य येणार हे त्याला कळलंय, ते टळणार नाही हेही कळलंय. शेवटी तो म्हणतो की अंजिराला फूल नसलं, वेलीला फळ नसलं, शेतात धान्य नसलं, गोठ्यात गुरं नसली, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. कपाशी बोंडअळीने गेल्यावर आपल्याकडे घराघरात काय शांतता असते ते तुम्हाला ठाऊक आहे. तशा घरातून आलेलं हे बोलणं आहे. त्याला खातरी होती ती परमेश्वराची. पिकाची नव्हती.

आता तुमचं इब्री ११:१. यात दोन शब्द कळीचे आहेत. ‘भरवसा’ असं आपण वाचतो तिथे ग्रीकमध्ये ‘हुपोस्तासिस’ आहे, शब्दशः खाली उभं असलेलं, म्हणजे पाया. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या जुन्या कागदपत्रांत हा शब्द मालमत्तेच्या दस्तऐवजांच्या संदर्भात येतो. आपल्या भाषेत हातातला सातबारा. सगळे अभ्यासक इथे तो अर्थ लावत नाहीत, मला मात्र पटतो. ‘खातरी’साठीचा ‘एलेंखोस’ हा शब्दही पुरावा या अर्थाचा आहे. दोन्ही शब्द मनाच्या उबेचे नाहीत, कचेरीतले आहेत.

पूर्वी मी हे वचन समजावताना धूळपेरणीचं उदाहरण द्यायचो. आकाशात ढग नाही, तरी कोरड्या रानात सरकी टोचायची, हा विश्वास. एका उपासनेनंतर आमच्यातले एक म्हातारे शेतकरी जवळ आले. म्हणाले, ‘मास्तर, ती पेरणी आम्ही अंदाजाने करतो, साधली तर साधली. पाऊस काही आम्हाला शब्द देऊन गेलेला नसतो.’ मी गप्प झालो. इब्री ११ मधली बरीच माणसं कोणाच्या तरी बोलण्यावर उठून चालू लागलीत. नोहाला सूचना मिळाली, अब्राहामाला बोलावणं आलं. शब्द आधी, पाऊल नंतर. शब्दच नसेल तर तो जुगार, मग छाती कितीही मोठी असो.

तेव्हापासून मी माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमध्ये रूळ एकच. रात्र आहे, पाऊस आहे, पुढे वळण आहे. समोरून गाडी येत नाही हे ड्रायव्हरला कसं कळणार? दोन्ही स्टेशनांवर एकेक यंत्र असायचं, तारेने एकमेकांशी जोडलेलं. दोन्ही यंत्रांतून मिळून एका वेळी एकच टोकन बाहेर निघायचं, आणि ते पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरं निघतच नसे. पॉइंट्समन, म्हणजे रूळ जुळवणारा कामगार, ते कड्याला लावून फलाटावर उभा राहायचा आणि चालत्या इंजिनातून हात बाहेर काढून इंजिनवाले ते उचलून घ्यायचे. टोकन हातात म्हणजे पुढचा रूळ तुझा. ड्रायव्हर नवखा, घामाघूम झालेला असला तरी टोकन तेच आणि रूळ तेवढाच मोकळा. त्याची भीती मोजायचं यंत्र रेल्वेने कुठे बसवलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि टोकन खिशात घालून गाडी जागची हललीच नाही, तर त्याला याकोब आपल्या पत्रात ‘मृत विश्वास’ म्हणतो. याकोब कृती हवी म्हणतो आणि पौल विश्वासच पुरे म्हणतो, असं सांगून दोघांत भांडण लावणाऱ्यांना मी इतकंच सांगतो.

उदाहरण लंगडं आहे हे मान्य. टोकन लोखंडाचं असतं, आणि शास्त्रात समोर माणूस असतो, बोलणारा, हाक मारणारा.

आता आईचं. तुम्ही मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचला असेलच. कफर्णहूमात चौघे जण पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारात गर्दी, म्हणून छपरावर चढतात. मार्क म्हणतो, छप्पर उकरलं. लूकने कौलं लिहिलीत, पण मला मार्कचं घर ओळखीचं वाटतं. आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखं, लाकडावर काटक्या आणि वर पांढरी माती. धाबं उकरायचं म्हणजे खालच्यांच्या डोक्यावर किती माती पडली असेल! आणि मग लिहिलंय, येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. त्यांचा. बाजेवरचा माणूस तोपर्यंत एक शब्द बोललेला नाही.

याकोब ५:१४-१५ सुद्धा नीट वाचा. दुखणाईताने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाईताला वाचवील. प्रार्थना कोण करतंय? वडील. म्हणजे विश्वासाचा हिशेब मांडायचाच झाला तर पहिली वही आमची तपासायला हवी, उपदेशकाची आणि माझी. खाटेवर पडलेल्या बाईची नव्हे. हे वचन मी स्वतः कित्येक वर्षं उलटं वाचत होतो, हेही कबूल करतो.

कोणी येशूचं गाव नासरेथ पुढे करेल, मार्क ६, तिथे लोकांच्या अविश्वासामुळे येशूला महत्कृत्य, म्हणजे चमत्कार, करता आलं नाही. बरोबर आहे. पण तो अविश्वास कसला होता? ‘हा सुतारच ना?’ असं म्हणून त्यांनी त्याला मोडीत काढलं. मनात शंका असणं आणि माणसालाच झिडकारणं या दोन निराळ्या गोष्टी. शंका घेऊन आलेल्याला त्याने परत पाठवलेलं नाही. मार्क ९ मधला आजारी मुलाचा बाप ओरडतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. एकाच दमात दोन्ही. मुलगा बरा होतो.

आणि जे बरे झाले नाहीत त्यांचं काय? पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, उत्तर आलं ‘माझी कृपा तुला पुरे’. त्रफिम या सोबत्याला तो मिलेत येथे आजारीच सोडून पुढे गेला. तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, विश्वास वाढव म्हणून पत्र नाही लिहिलं. लूकला तर तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. तेव्हा डायलिसिसची एकही फेरी चुकवू नका, कोणीही काहीही म्हणो. इब्री ११ तुम्ही पहिल्या वचनापाशी सोडलंत, ते शेवटपर्यंत न्या. पस्तिसाव्या वचनात काहींना त्यांची मेलेली माणसं परत मिळतात, आणि त्याच वचनात काही जण हाल सोसून मरतात. यादी एकच. एकोणचाळिसाव्यात सगळ्यांच्या विश्वासाला एकच साक्ष मिळते.

काकूंबद्दल. त्यांना कमी लेखू नका, घरातलं कोणी अंथरुणाला खिळलं की माणूस जिथे दार दिसेल तिथे ठोठावतो. फरक विचारलात तर मी दानीएल ३ दाखवीन. शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ‘नाही सोडवलं तरी’ हे शब्द जिथे चालत नाहीत तिथे सौदा असतो. इतकं द्या, इतकं घ्या. या कसोटीवर तुमचा उपदेशक कुठे बसतो ते तुम्हीच ठरवा. मला तर तो काकूंच्या शेजारीच बसलेला दिसतो.

आईला विचारा, प्रार्थनेसाठी कोणाला बोलावू, आणि ज्यांना ती नाव घेऊन सांगेल तेवढ्यांनाच बोलवा. सभेत उभं करून नको, घरी.

आणि एक. आमच्या मंडळीतले दोघे-तिघे दर मंगळवारी गाडी घेऊन नंदुरबारच्या दवाखान्यात असतात. आईचे वार आणि वेळ इथे लिहा. एक फेरी तरी आम्ही उचलू, तेवढ्यात तुम्ही झोपून घ्या.