कंत्राटदार काम अर्धवट टाकून गेला तर

नवीन सेक्रेटरीसाहेब, पहिल्यांदा फोनवर भांडणं बंद करा. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मी तीन महिने तेच केलं. पूर्वेची भिंत उघडी, जून उजाडला, परांचीवरची ताडपत्री फडफडतेय आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कपाटामागे बुरशी. हातात कागद म्हणाल तर एकही नाही.

तुम्ही लेखी नोटीस द्या. विशिष्ट अनुतोष कायद्यात (Specific Relief Act) 2018 साली झालेल्या दुरुस्तीनुसार किमान 30 दिवसांची नोटीस देऊन उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेता येतं आणि तो खर्च पहिल्याकडून मागता येतो. पण आधी काम करून घ्यायचं, मग पैसे मागायचे. नुसतं कोटेशन दाखवून या तरतुदीखाली वसुली नाही. दुसरा कामाला लागण्याआधी, पहिल्याने केलेल्या कामाची मोजमापं आर्किटेक्टकडून सहीनिशी घ्या, फोटो तारखेसह.

नुकसानभरपाई 1872 च्या करार कायद्याच्या कलम 73 खाली. त्यात उल्लंघनातून ओघानेच होणारं किंवा करार करताना दोघांना ठाऊक असलेलं नुकसान मिळतं, दूरचं नाही. भिंत मुद्दाम भिजत ठेवून आकडा फुगवलात तर तोही कापला जाईल. करारात आठवड्याला अमुक दंड लिहिलाय म्हणून हुरळू नका. कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा. कोर्ट वाजवी तेवढंच देतं.

आणि उशिरा झालेलं काम ताब्यात घेताना ‘भरपाईचा हक्क राखून’ एवढं लिहायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो.

करारात लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायची अट, आहे का, तेवढं आजच बघा.