निसर्ग मंडळात पाऊल ठेवण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास सांभाळून, जवळ दुर्बीण नसताना आणि रविवारखेरीज मोकळा दिवस मिळत नसताना आपला निसर्ग मंडळाला काय उपयोग होईल, असे तू विचारले आहेस. उपयोग निश्चित होईल. मात्र तो तुला वाटतो त्याहून वेगळ्या कामात होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडील बहुतेक मंडळांचे वर्ष ठरलेले असते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह येतो आणि ५ ते १२ नोव्हेंबर या काळात मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून पक्षी सप्ताह होतो. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना, उन्हाळ्यात पाणवठे आणि पावसाळ्यात वृक्षलागवड ठरलेली असते. या दिवसांना माणसे कमी पडत नाहीत. कमी पडतात ती मधल्या रविवारी, जेव्हा बातमी येणार नसते आणि छायाचित्र काढायलाही कोणी नसते. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की तू एक जागा आणि एक काम निवड व तिन्ही ऋतू त्यालाच धरून राहा. मंडळ निवडतानाही त्याचे किती सभासद आहेत हे विचारू नकोस. गेल्या वर्षीच्या नोंदी पाहायला मिळतील का, हे विचार. ज्या मंडळाकडे जुन्या वह्या आहेत आणि ज्याचे लोक त्या वह्या आनंदाने दाखवतात, तेथे तुला शिकायला मिळेल.

तू भुसावळची, तेव्हा जागेसाठी फार शोधाशोध करण्याची गरज नाही. तापी आणि पूर्णा यांचा संगम चांगदेवला होतो आणि त्याच्या खाली हतनूरच्या धरणाने अडवलेले पाणी दूरपर्यंत पसरलेले असते. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांच्यासारखे उत्तरेकडून आलेले पाहुणे उतरतात. हळदीकुंकू बदक, टिबुकली, पाणकावळा, राखी बगळा ही आपली मंडळी तर असतातच. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत अनेक देशांत होते आणि ती जवळजवळ सर्वस्वी स्वयंसेवकांच्या बळावर चालते. अशा गणनेत दोघांची जोडी लागते: एकाने पाहून सांगायचे आणि दुसऱ्याने लिहायचे. लिहिणाऱ्याला दुर्बीण लागत नाही. तू ते लिहिण्याचे काम मागून घे. नवख्या माणसाला पक्षी ओळखायला शिकण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला ठाऊक नाही, कारण अनुभवी माणूस प्रत्येक पक्ष्याचे नाव आणि संख्या तुझ्या कानावर घालत असतो आणि ते लिहिताना तुला मान वर करून त्याच पक्ष्याकडे पाहावेच लागते.

लिहिण्याचीही एक शिस्त आहे. वहीच्या पानावर आधी तारीख, ठिकाण, सुरू केल्याची व थांबल्याची वेळ, निरीक्षकांची संख्या, आकाश कसे आहे आणि पाणी किती ओसरले आहे, हे लिहावे. पाण्याची पातळी लिहायला अनेकजण विसरतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते. पाणी मागे हटून चिखल उघडा पडला की शेकाट्या, तुतारी असे चिखलात चोच घालून खाणारे पक्षी वाढतात आणि पाणी भरलेले असले की तेच पक्षी दुसरीकडे जातात. पुढे त्या उघड्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे ओसरलेल्या पाण्याच्या गाळात केलेली पेरणी, सुरू झाली, की चित्र पुन्हा बदलते. ही कारणे वहीत नसतील, तर दहा वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल की पक्षी संपले, आणि प्रत्यक्षात त्या वर्षी धरण भरलेले असेल. मोठा थवा असला, तर घाबरून जाऊ नये. त्यातील दहा पक्षी मोजावेत, त्या दहांनी किती जागा व्यापली आहे ते डोळ्यांत बसवावे आणि तेवढ्याच तुकड्यांनी थव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावे. जो पक्षी नक्की ओळखला नाही, त्याच्यासमोर ‘बदक, जात अनिश्चित’ असे लिहावे. अंदाजाने नाव ठोकून देऊ नये. आणि ज्या रविवारी काहीच विशेष दिसले नाही, त्या रविवारचे पानही भरावे. घरी आल्यावर त्याच दिवशी नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या जागतिक संकेतस्थळावर चढवली, तर ती तुमच्या मंडळापुरती न राहता अभ्यासकांच्या उपयोगी पडते.

नोंदीवर मी इतका भर का देते, याचे कारण आपल्याच खानदेशात घडले आहे. रानपिंगळा या छोट्या घुबडाचे वर्णन पक्षीशास्त्रज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या भागातून त्याचे काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र तो कोणालाच खात्रीने दिसला नाही. मधल्या काळात रिचर्ड मेनर्ट्झहेगन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकांनी, आपण १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळवला, असे सांगून एक नमुना पुढे केला आणि अभ्यासकांनी तो खरा धरला. अनेक वर्षांनी पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञांनी तो तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला नमुना निघाला. ती खोटी नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे त्या आणि त्यांचे सहकारी शोधाला निघाले. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी काही हाती लागले नाही आणि अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा त्यांना भरदिवसा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षे नाहीसा मानलेला पक्षी आपल्या जंगलात राहत होता. पावरा आणि भिल्ल पाड्यांवरच्या माणसांच्या डोळ्यांसमोरून तो कितीदा गेला असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. एक खोटी चिठ्ठी किती नुकसान करते आणि खरी चिठ्ठी शंभर वर्षांनंतरही कशी वाट दाखवते, हे यावरून तुला कळेल.

तू कधी यावलच्या अभयारण्यात किंवा तोरणमाळकडे मंडळाबरोबर गेलीस, तर रानपिंगळा पाहायची इच्छा होणारच. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ साधे असते, शेपटीवरचे पट्टे रुंद असतात आणि पोटाचा खालचा भाग पांढरा असतो. परंतु भ्रमणध्वनीवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याचा मोह कोणी केला, तर तू स्पष्ट नकार दे. आपल्या हद्दीत परका आला असे समजून तो पक्षी पिलांना सोडून आवाजामागे धावतो. घरट्याचे नेमके ठिकाणही छायाचित्रासोबत कोठेही प्रसिद्ध करू नये.

उन्हाळ्याचे काम सर्वांत कष्टाचे आहे. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे तुला सांगायला नको. जंगलातील पाणवठ्यांत पाणी टाकणे, त्यांतील गाळ काढणे आणि वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा साफ करणे ही कामे वनविभागाच्या परवानगीने आणि त्यांच्या माणसांच्या सोबतीनेच करायची असतात. पाणवठा कोठे असावा, हे आपण परस्पर ठरवू नये. चुकीच्या जागी पाणी ठेवले, तर जनावरे रस्त्याकडे किंवा शिकाऱ्याच्या वाटेवर येतात. मुक्ताईनगर तालुक्यातील डोलारखेड्याकडे तर वाघ केळीच्या बागांपर्यंत वावरतात, तेथे उत्साहापेक्षा विचारपूस अधिक लागते. वणव्याबद्दलही एक लक्षात ठेव. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचताना ती दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि तेथून आग पुढे सरकते. पण मोह हे त्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न आहे. त्यांना दोष देऊन काही साधत नाही. पाचोळा झाडून एका बाजूला करायला हात देऊन साधते. असे हात देणारे स्वयंसेवक मला फार हवे आहेत.

वृक्षलागवडीबद्दल माझी मते जरा कडक आहेत. जूनमध्ये रोप लावून फेब्रुवारीत त्याला पाणी घालायला न जाणाऱ्याने लागवड केली, असे मी मानत नाही. आपल्या तापलेल्या जमिनीत रोपाला निदान दुसरा उन्हाळा निघेपर्यंत माणूस हवा, आणि काळ्या जमिनीला भेगा पडून मुळे उघडी पडतात तेव्हा तर अधिकच. तुला खरोखर झाडांचे काम करायचे असेल, तर लागवडीच्या दिवशी न जाता रोपवाटिकेत जा. अंजन, पळस, बिबा, चारोळी, बेल, खैर ही आपल्या भागातील झाडे आहेत. त्यांचे बी वेळेवर गोळा करणे, ते कोणत्या झाडाचे आणि कोठले हे पाकिटावर लिहिणे, पिशव्या भरणे ही कामे करायला कोणी मिळत नाही. पळसाचे आणि कडुनिंबाचे बी ताजे असतानाच पेरावे लागते, ठेवून दिले की उगवण झपाट्याने घटते. बीजगोळे फेकण्याच्या कार्यक्रमांना मी फारसे महत्त्व देत नाही.

आणि माळरानावर झाडे लावण्याचा प्रस्ताव आला, तर थांबून प्रश्न विचार. गवताळ माळ ही पडीक जागा नसते. तेथे धाविक, टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात आणि कोल्हे, खोकड त्याच माळावर जगतात. धुळे जिल्ह्यात लामकानीच्या लोकांनी चराईबंदी पाळून आपल्या डोंगरउतारांवर गवत परत आणले आणि साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या ग्रामस्थांनी स्वतःचे नियम करून जंगल राखले; तेथील चैत्राम पवार यांना त्यासाठी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या दोन्ही गावांना संधी मिळाली तर भेट दे, पण शिकवायला जाऊ नकोस. अहिराणी तुला घरातूनच येते. पावरी आणि भिली बोलणाऱ्या आजीबाईंना झाडांची नावे विचार, आणि ती मराठी नावाशेजारी वहीत लिहून ठेव. कोणते झाड कोणत्या आजारावर वापरतात याची माहिती मात्र त्यांच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करू नये.

साप पकडण्याचे प्रशिक्षण मिळेल का, असेही तू विचारले आहेस. माझे उत्तर नाही असे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सापाला पकडणे, बाळगणे व त्याचे प्रदर्शन करणे गुन्हा आहे, आणि विषारी सापाशी खेळताना जीव गमावलेल्या तरुणांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. घरात साप दिसला, तर लोकांना दूर ठेवावे, त्याच्यावर लांबून नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. हेही स्वयंसेवकाचेच काम आहे. जखमी पक्षी सापडला, तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावा, त्याच्या चोचीत पाणी ओतू नये आणि तोच क्रमांक लावावा. संक्रांतीनंतरच्या रविवारी झाडांत अडकलेला नायलॉन मांजा काढायला मात्र जरूर जा. या मांजावर २०१७ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे, तरी तो फांद्यांतून लोंबतच असतो आणि सण संपल्यावर पुढे कित्येक आठवडे वटवाघळे, घारी व घुबडे त्यात अडकतात.

प्रमाणपत्राचा विषय तू संकोचाने काढलास, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचे काम अपेक्षित असते; मंडळात केलेले काम त्यात धरता येईल का, हे आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारून घे आणि जेवढे तास केलेस तेवढेच लिही. घरच्यांना तुझ्या पहाटे निघण्याची काळजी वाटते, तीही रास्त आहे. आईला किंवा वडिलांना पहिल्या फेरीला बरोबर घेऊन ये, मंडळाच्या माणसांची ओळख करून दे, कोणत्या बसने जाणार आणि किती वाजता परतणार ते घरी लिहून ठेव. एकटीने पाण्याच्या काठी उतरू नकोस. धरणाचा गाळ वरून कोरडा दिसला, तरी पाय खोल जातो.

दुर्बीण घेण्याची घाई नको. मंडळाची सामायिक दुर्बीण काही महिने वापरून पाहा. पुढे घ्यायचीच झाली, तर ८ × ४० किंवा ८ × ४२ मापाची घे; पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तूर्त एक जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल पुरे, कारण शाई दवाने पसरते. मळखाऊ रंगाचे कपडे, बंद बूट, टोपी आणि भरपूर पाणी बरोबर असू दे.

मंडळाच्या सचिवांना आजच कळव, की जानेवारीच्या गणनेत तुला लेखनिकाचे काम हवे आहे आणि त्याआधीच्या दोन रविवारी सरावासाठी येण्याची तुझी तयारी आहे. त्या सरावाची पाने माझ्याकडे पाठव. वेळ, पाण्याची पातळी आणि अनिश्चित जाती नीट लिहिल्या आहेत का, ते पाहून मी खुणा करून परत पाठवीन.

तुझी,
शिक्षिका